असईचें रणांगण एका खोलींत

दिवाळी जवळ आली म्हणजे महाराष्ट्रांतील मुलें अंगणांत मातीचे किल्ले रचूं लागतात. दगड, विटा, जुनें पोतें आणि चिखल यांतून डोंगर उभा राहतो, पेरलेली मोहरी उगवून त्याची हिरवळ होते, आणि बाजारांतून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर चढतात. या किल्ल्यांत सिंहासनावरील शिवाजी महाराजांची मूर्ति पुष्कळदां महादरवाजापेक्षांही उंच असते. त्यांत कोणाला वावगें दिसत नाहीं; कारण तेथें आकार मापावरून नव्हे, तर मानावरून ठरतो. प्रमाणबद्ध प्रतिकृतीची कला याच्या अगदीं उलट टोकाला आहे. तिच्या राज्यांत सेनापति व शिपाई एकाच गजानें मोजले जातात.

विमानें, रणगाडे व तोफा यांचे सुटे भाग जोडून प्रतिकृति करण्याच्या ज्या पेट्या मिळतात, त्यांवर १:७२, १:३५ असे आंकडे छापलेले असतात. १:७२ याचा अर्थ मूळ वस्तूचीं बहात्तर मापें प्रतिकृतीच्या एका मापांत आणावयाचीं. आंकडा चमत्कारिक वाटला तरी फूट-इंचांच्या हिशेबांत तो सोयीचा आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हां सहा फुटी मनुष्य या प्रमाणांत बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडांत १९३६ सालीं 'फ्रॉग पेंग्विन' या नांवानें प्लॅस्टिकच्या विमानांच्या पेट्या निघाल्या, त्या याच प्रमाणाच्या होत्या. भारतीय हवाई दलांत गाजलेलें नॅट विमान सुमारें पावणेनऊ मीटर लांबीचें. १:७२ मध्यें तें बारा सेंटिमीटरांचें होऊन तळहातावर विसावतें.

विमान किंवा रणगाडा करणाऱ्यास शंका आली तर मूळ वस्तु पाहतां येते. अहमदनगर येथें (या शहराचें नांव आतां अहिल्यानगर आहे) रणगाड्यांचें संग्रहालय आहे. तेथें जाऊन गाड्याचीं चाकें मोजावीं, तोफेची नळी न्याहाळावी, म्हणजे काम भागलें. परंतु जेथें गाडे, तोफा व माणसें यांपैकीं कांहींच उरलेलें नाहीं, अशा एखाद्या लढाईची प्रतिकृति करावयाची तर मोजावें काय? हा प्रश्न नगरपासून फार दूर नसलेल्या जालना जिल्ह्यांत, असई या गांवीं, प्रत्यक्ष उभा राहतो.

२३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें दौलतराव शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशीं आर्थर वेलस्ली यानें लढाई दिली. दक्षिणेस केळना व उत्तरेस जुई अशा दोन नद्या वाहतात, आणि त्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर हें रण झालें. वाटाड्यांनीं नदीला उतार नाहीं असें सांगितलें. परंतु केळनेच्या दोन तीरांवर दोन गांवें समोरासमोर आहेत हें पाहून त्यांच्यामध्यें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असा वेलस्लीनें तर्क केला, आणि तो खरा ठरला. त्याच्याजवळ कंपनीचे व इंग्रज राजाचे मिळून सुमारें ४,५०० कवायती लोक व १७ तोफा होत्या. म्हैसूरकर व पेशवे यांचे स्वार निराळे. शिंद्यांची कवायती पायदळ पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हुकमतीखालीं असून ती दहा हजारांवर होती, आणि तोफा शंभराच्या घरांत होत्या. इंग्रजांचा जय झाला. परंतु त्यांचे ४२८ लोक ठार, १,१३८ जखमी व १८ बेपत्ता झाले, म्हणजे कवायती फौजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा कामास आला.

आतां ही भूमि खोलींत आणावयाची. समजा, दोन किलोमीटर बाजूचा चौरस तुकडा घेतला. पेटीवरील १:७२ हें प्रमाण येथें लावल्यास प्रतिकृतीची एक बाजू जवळजवळ अठ्ठावीस मीटरांची होईल. ती कोणत्या घरांत मावावी? १:१००० घेतल्यास बाजू दोन मीटरांची होते, पण शिपाई दोन मिलिमीटरांहूनही लहान होऊन दिसेनासा होतो. भूमि मावावी तर माणूस हरवतो, माणूस दिसावा तर भूमि मावत नाहीं.

हा पेंच विल्यम सायबोर्न नांवाच्या एका इंग्रज लष्करी अंमलदारास पडला होता. १८३० सालीं त्याच्याकडे वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृति करण्याचें काम आलें. त्यानें आठ महिने रणभूमीवरील एका शेतवाडींत मुक्काम करून जमीन मोजली. एका मैलास नऊ फूट, म्हणजे सुमारें १:६०० हें प्रमाण त्यानें भूमीसाठीं धरलें. आणि शिपायांसाठीं मात्र सुमारें १:१८० असें निराळें, मोठें प्रमाण घेतलें. त्यामुळें शिपाई जवळजवळ एक सेंटिमीटर उंचीचे होऊन डोळ्यांना दिसूं लागले.

असईस हाच हिशेब लावून पाहावा. दोन किलोमीटरांची बाजू सुमारें सव्वातीन मीटरांवर येते. एका दिवाणखान्यांत ती मावेल. शिपाई मात्र भूमीच्या मानानें लांबीरुंदींत तिप्पटीहून मोठा झाल्यामुळें तो दहापट जागा व्यापतो. तेव्हां एका आकृतीनें दहा माणसांचें प्रतिनिधित्व करावें हें ओघानेंच आलें. वेलस्लीचे ४,५०० लोक ४५० आकृतींत, आणि पोलमनची पायदळ हजारभर आकृतींत उभी राहील. नदीच्या चार मीटर उंचीच्या दरडीला मात्र सात मिलिमीटरांचीच उंची मिळते. ती नकाशावरूनही कळत नाहीं. कारण १:५०,००० च्या नकाशांत समोच्चरेषांमध्यें साधारणतः वीस मीटरांचें अंतर असतें, आणि एवढीशी दरड त्यांच्या मधल्यामध्यें नाहींशी होते. उतारावरून तोफा ओढून नेणाऱ्या बैलांना मात्र ती चांगलीच जाणवली असेल. म्हणून करणाऱ्यानें सायबोर्नप्रमाणें त्या दरडीपर्यंत स्वतः चालत जाणें प्राप्त आहे.

मापाचा पेंच असा सुटतो. याहून अवघड पेंच काळाचा आहे. योगायोग असा कीं, असईचा वेलस्ली हाच पुढें वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. सायबोर्ननें १८ जून १८१५ ची सायंकाळीं सातची वेळ प्रतिकृतीसाठीं निवडली, आणि हयात अंमलदारांना पत्रें लिहून त्या घटकेला त्यांच्या पलटणी कोठें होत्या हें विचारलें. उत्तरांवरून प्रशियन सैन्य रणांगणावर बरेंच पुढें आलेलें दिसूं लागलें. ड्यूकला हें रुचलें नाहीं. प्रतिकृति ही एकाच क्षणाची होऊं शकते, येथें मात्र प्रत्येकाच्या आवडीच्या क्षणाप्रमाणें सर्व लढाई एकदम मांडली आहे, असा त्याचा आक्षेप होता. १८३८ सालीं लंडनमध्यें प्रतिकृति लोकांना दाखविण्यांत आली, आणि पुढें तिच्यांतील कांहीं प्रशियन आकृति काढून टाकण्यांत आल्या. आज ती लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयांत आहे.

ड्यूकच्या आक्षेपाचा हेतु कांहींही असो, त्यांतील तत्त्व खरें आहे. आणि तें असईस लावलें म्हणजे निवडीचें ओझें कळतें. केळना उतरण्याचा क्षण घेतला तर साऱ्या देखाव्याचा नायक सेनापति होतो. त्याची तीक्ष्ण बुद्धि दिसते, आणि शिंद्यांची फौज दूर एक ठिपक्यांची रेघ होऊन राहते. परंतु त्याच दिवशीं दुसराही एक क्षण आला. इंग्रज फळी तोफा जिंकून पुढें सरकली, तेव्हां मेल्याचें सोंग घेऊन पडलेले शिंद्यांचे कित्येक गोलंदाज उठले, त्यांनीं तोफा उलट फिरविल्या व इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा परत घेण्यासाठीं स्वतः वेलस्लीला माघारीं यावें लागलें. हा क्षण घेतला तर खोलीच्या मध्यावर सेनापति नसून, ज्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत अशीं माणसें उभीं राहतात.

दोन्ही क्षण खरे आहेत, दोन्हींची मापें सारखींच अचूक घेतां येतील. म्हणून प्रतिकृतीच्या कडेला एक पाटी असावी: भूमीचें प्रमाण किती, माणसांचें किती, एक आकृति किती जणांची, आणि घड्याळाची घटका कोणती. ती पाटी वाचणाऱ्याला पाहतां पाहतां आणखी एक गोष्ट कळेल: निवडलेल्या घटकेच्या आधीं व नंतर त्याच जमिनीवर इतर माणसें उभीं होतीं, आणि तीं या खोलींत आलेलीं नाहींत.