रंगखान्याचा हिशोब आणि अल-जब्र

सोलापूरच्या चादरीची आणि टॉवेलची कीर्ती मागावर ठरते, असे लोक समजतात. आमच्या मते निम्मी कीर्ती त्याआधीच, सूत रंगवण्याच्या हौदात ठरलेली असते. कॉस्टिकचे द्रावण कमी-जास्त झाले की एका लॉटची छटा दुसऱ्याशी जुळत नाही आणि माल परत येतो. तरीही उस्ताद सांगतो, "दोन डबे टाक," आणि पोऱ्या टाकतो.

बाजारात कॉस्टिक लाय साधारण ४८ टक्क्यांची मिळते. समजा, आपल्याला २० टक्क्यांचे ६० किलो द्रावण करायचे आहे. लाय किती लागेल ते ठाऊक नाही, म्हणून तिला 'क्ष' म्हणू. पाणी घातल्याने कॉस्टिक वाढतही नाही, घटतही नाही. सारा हिशोब एवढ्यावर उभा आहे. ६० किलोचे २० टक्के म्हणजे १२ किलो कॉस्टिक, आणि ते सगळे लायमधूनच यायचे. म्हणजे क्ष चे ४८ टक्के बरोबर १२, म्हणून क्ष बरोबर २५. लाय २५ किलो, पाणी ३५ किलो.

इथेच आपले बांधव फसतात. २५ किलोऐवजी २५ लिटर मोजतात. ही लाय पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते. २५ लिटर म्हणजे साडेसदतीस किलो झाले, आणि द्रावण २० ऐवजी जवळजवळ २५ टक्क्यांचे! तेव्हा काट्यावर तोला. आणि लाय पाण्यात हळूहळू सोडा. लायवर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडते.

दोन ड्रम मिसळायचे असले तरी रीत हीच. टॉवेल पांढरा करण्याचे पेरॉक्साइड ५० आणि ३५ टक्क्यांचे पडून आहे, हवे आहे ४० टक्क्यांचे ३० किलो. पहिले क्ष किलो, तर दुसरे ३० वजा क्ष. ५० क्ष अधिक ३५ गुणिले (३० वजा क्ष) बरोबर १२००. उत्तर : पहिले १० किलो, दुसरे २०. पडताळा पाहा : ५ अधिक ७, बरोबर १२ किलो, म्हणजे तीसचे ४० टक्के.

या गणिताला शाळेत आपली मुले घाबरतात. त्यांना सांगावे की इंग्रजीतले 'अल्जिब्रा' हे नाव अरबी 'अल-जब्र'वरूनच आले. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा सांधणे. खलीफा मामूनच्या काळात, इ. स. ८२०च्या सुमारास, बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला, तोही वारसा, वसीयत, व्यापार आणि जमीनमोजणी यांत लोकांना उपयोग व्हावा म्हणून. आपल्याकडे भास्कराचार्यांनी 'लीलावती'त वेगवेगळ्या कसाचे सोने एकत्र आटवल्यावर कस किती उतरतो, याचे गणित दिले आहे. सराफ आणि रंगारी, दोघांचा प्रश्न एकच.

खरेदीतही हा हिशोब लावावा. २५० किलो लाय ४८ टक्क्यांची असेल तर तिच्यात १२० किलो कॉस्टिक असते. तीच ४५ टक्क्यांची निघाली तर साडेसात किलो कमी, आणि बिल मात्र पूर्ण. ट्वाडल मीटर बुडवून पाहावा. ४८ टक्क्यांच्या लायला तो शंभराच्या आसपास दिसतो, लाय गरम असेल तर थोडा कमी. ड्रम गाडीवरून उतरवण्याआधी बुडवावा, पोच सही केल्यानंतर नव्हे.