गेंडा शोधत लिस्बन

पाऊस पडला की लिस्बनमधली जुनी माणसं भिंतीच्या कडेकडेने चालतात. कारण पायाखालची फरसबंदी. पांढरी चुनखडी आणि काळा बेसॉल्ट यांचे मुठीत मावतील एवढे दगड एकमेकांना भिडवून इथले बहुतेक फुटपाथ आणि चौक केले आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चालण्याने चुनखडी इतकी गुळगुळीत झाली आहे की ओली असताना तिच्यावर विश्वास ठेवू नये. १८४२ मध्ये साओ जॉर्ज किल्ल्याचा लष्करी अधिकारी युजेबियो फुर्तादो याने तिथल्या कैद्यांकडून नागमोडी नक्षीची फरसबंदी करून घेतली. ती लोकांना एवढी आवडली की पुढच्या काही वर्षांत रोसियोच्या चौकात काळ्या-पांढऱ्या लाटा उमटल्या. त्याच लाटा पुढे रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर आणि मकावलाही पोचल्या.

शियादोमध्ये एका गल्लीच्या तोंडाशी एक कारागीर बुटक्या स्टुलावर बसून उखडलेला तुकडा दुरुस्त करत होता. डाव्या तळहातावर दगड, उजव्या हातात टोकदार हातोडी. दगड फिरवायचा, ठोका मारायचा, पुन्हा फिरवायचा. तीन-चार ठोक्यांत हवी ती बाजू निघत होती. मग तो वाळूत रोवायचा, हातोडीच्या मागच्या बाजूने दाबायचा आणि न बघता पुढचा दगड उचलायचा. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे तिथून हलेना. या कामासाठी लिस्बन महापालिकेने १९८६ मध्ये खास शाळा काढली, हे मी त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला, "अगं, शाळा काढावी लागली म्हणजे माणसं मिळेनाशी झाली होती."

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. तिथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. शनिवार-रविवारच्या सुट्टीत लिस्बनला जाऊन पायीच फिरायचं, हे ठरलं तेव्हा टेकड्यांचा अंदाज आला नव्हता. अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामची रांग पाहिल्यावर मात्र आपला निर्णय बरोबर होता असं वाटलं.

पायी चाललं की या शहराचे दोन तुकडे पोटऱ्यांना आपोआप कळतात. अल्फामात गल्ली दोन वळणांनंतर जिना होते, जिना कोणाच्या तरी दारात संपतो. तिथून उतरून बाइशात आलं की सगळं काटकोनात. मध्ये आहे १ नोव्हेंबर १७५५ ची सकाळ. सर्व संतांचा सण, चर्च भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. साडेनऊनंतर भूकंप झाला, मग तेजो नदीच्या मुखातून त्सुनामीचं पाणी शहरात घुसलं, आणि जे उरलं त्यातलं बरंच पुढचे काही दिवस आगीत जळत राहिलं. अल्फामा खडकावर असल्याने पुष्कळसा वाचला. सखल बाइशा संपला.

राजाचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून ओळखला गेलेला, याने दोन गोष्टी केल्या ज्या मला विलक्षण वाटतात. एक म्हणजे देशभरच्या पॅरिशांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी चढला की ओसरला, विहिरींच्या पाण्यात काही फरक पडला का, माणसं किती मेली. ईश्वरी कोपावर प्रवचनं झडत असताना हे विचारलं जात होतं. दुसरी म्हणजे बाइशाच्या नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घालणं सक्तीचं केलं. उभ्या, आडव्या आणि तिरप्या तुळयांचा हा पिंजरा हलतो, पण कोसळत नाही. त्याचा नमुना चौकात उभारून भोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तपासला, असं सांगतात. रस्त्यांना नावं धंद्यांची मिळाली: चांभारांचा, कापडवाल्यांचा, सोन्याचा मुलामा देणाऱ्यांचा. पुण्यातल्या तांबट आळीतून आणि बोहरी आळीतून वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल, एवढाच फरक की बाइशातल्या आळ्या पट्टीने आखलेल्या आहेत.

या पुनर्रचनेचा आराखडा मांडणारा मॅन्युएल दा माइया तेव्हा ऐंशीच्या घरात होता. लष्करी इंजिनिअर, आणि त्याच वेळी राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. हे दफ्तर किल्ल्याच्या एका बुरुजात ठेवलेलं असे. भूकंपात बुरुज पडला. दा माइयाने ढिगाऱ्यातून कागद काढवले आणि तात्पुरत्या लाकडी खोप्यांत हलवले. शहर उभारणारा माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, ते बरोबरच आहे. पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम हे कागद वाचवण्याचं. पुढे याच शतकात गोव्याहून पत्रव्यवहाराचे अनेक खंड लिस्बनला आणले गेले आणि याच दफ्तरात दाखल झाले. मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून जाणारा हा पत्रव्यवहार, म्हणून त्यांना 'मोन्सूनचे ग्रंथ' म्हणतात. गोव्यात राहिलेल्या खंडांवर आणि तिथल्या इतर कागदांवर पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर काम केलं. त्यांचं 'पोर्तुगीज-मराठे संबंध' हे पुस्तक त्यातूनच उभं राहिलं. दफ्तर आता विद्यापीठ परिसरातल्या नव्या इमारतीत आहे. त्याचं नाव मात्र अजूनही बुरुजाचंच: तोरे दु तोंबु.

किल्ल्यावर पर्यटक मोरांचे फोटो काढतात. त्या पडलेल्या बुरुजाचा विचार करत बसणारं आमच्याशिवाय कोणी दिसलं नाही. मग खाली नदीकाठच्या मोठ्या चौकात आलो. आज तिथे राजा जोझेचा घोड्यावरचा पुतळा आहे. १७५५ पर्यंत तिथे राजवाडा होता आणि त्याला लागून कासा दा इंडिया. मिरी, दालचिनी, लवंग, कापड, सगळं तिथे उतरायचं, मोजलं जायचं, कर लागायचा. राजवाडा गेला, कासा दा इंडिया गेला, बहुतेक नोंदी गेल्या. लिस्बनकर मात्र चौकाला अजून 'राजवाड्याचं अंगण' म्हणतात.

इथे माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. लिस्बनने जाणाऱ्यांची स्मारकं भव्य बांधली आहेत. येणाऱ्यांच्या खुणा बारीक आहेत, बऱ्याचशांवर पाटीही नाही.

उदाहरणार्थ मोरारिया. मूर लोकांची ही जुनी वस्ती, आणि आज इथे बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी, आफ्रिकी दुकानं शेजारी शेजारी. शेवग्याच्या शेंगा, ताजी कोथिंबीर, हिरव्या मिरच्या. थोडं पुढे इंतेंदेंत हा चौक. एकेकाळी तिथे संध्याकाळनंतर कोणी जात नसे. २०११ मध्ये लिस्बनच्या महापौराने आपलं कार्यालयच तिथे हलवलं. ते महापौर म्हणजे अंतोनियो कोश्ता. वडील ओर्लांदो दा कोश्ता मडगावात वाढलेले, लेखक. अंतोनियोंना घरात 'बाबुश' म्हणत. २००७ ते २०१५ महापौर, मग २०२४ पर्यंत पंतप्रधान. शनिवारी रात्री त्याच भागात आम्ही शाकुती खाल्ली. नवऱ्याचं मत पडलं की खोबरं कमी भाजलंय. बरोबर होतं.

कार्मोचं मोडकं चर्च मात्र कोणी चुकवत नाही. भूकंपात छत पडलं, ते पुन्हा पूर्ण घातलंच नाही. दगडी कमानी आभाळाखाली उघड्या आहेत. त्याच्यासमोरच्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला कॅप्टन साल्गेरू माइयाच्या तुकडीने तिथल्या छावणीला वेढा घातला, आत आश्रय घेतलेल्या पंतप्रधान कायतानूने सत्ता सोडली, आणि जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही संपली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने भारताशी करार करून गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. म्हणजे गोवा १९६१ ला मुक्त झाला, पण लिस्बनला ते कबूल करायला या चौकातला तो दिवस उजाडावा लागला.

रविवारी नदीकाठाने बेलेंपर्यंत चालत गेलो, सहा-सात किलोमीटर. वाटेत लाल झुलता पूल. १९६६ ला उघडला तेव्हा त्याला सालाझारचं नाव होतं, १९७४ नंतर '२५ एप्रिल' झालं. पुढे दर्यावर्द्यांचं स्मारक: दगडी जहाजाच्या नाळेवर राजपुत्र हेन्री, मागे गामा, आल्बुकर्क आणि बाकीचे ओळीने. हे १९६० मध्ये पक्क्या दगडात उभं राहिलं, म्हणजे गोवा हातचा जाण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. मला ते स्मारक बटबटीत वाटलं. जेरोनिमोस मठ तसा नाही. पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून तो उभा राहिला, आणि त्याच्या खांबांवरची दोरखंडं, प्रवाळ, वेली पाहताना हिशेब विसरायला होतं. आत गामाची कबर. त्याचा मृत्यू १५२४ मध्ये कोचीनला झाला होता. बाहेर अंड्याच्या पेस्ट्रीची १८३७ पासूनची दुकानदारी आणि तिची रांग. ती आम्ही सोडली नाही.

मला खरं तर गेंडा पाहायचा होता. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह याने परवानगी नाकारली आणि वकिलांबरोबर भेट म्हणून गेंडा दिला. आल्बुकर्कने तो राजा मॅन्युएलकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेलं जहाज २० मे ला लिस्बनला लागलं. ओसेम नावाचा रखवालदार सोबत होता. राजाने गेंड्याला हत्तीसमोर उभं केलं. हत्ती पळाला. मग गेंडा पोपला भेट म्हणून निघाला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून, साखळदंडांसकट बुडाला. न्यूरेंबर्गमध्ये ड्यूररने एक पत्र आणि एक रेखाटन एवढ्यावर त्याचं लाकडी छापचित्र केलं. अंगावर चिलखत, पाठीवर एक फालतू शिंग. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपने गेंडा म्हणून हेच चित्र खरं मानलं.

बेलेंचा बुरूज त्याच काळात बांधला जात होता. त्याच्या कोपऱ्यावरच्या एका टेहळणी-घुमटीखाली आधाराच्या दगडात या गेंड्याचं डोकं कोरलंय. आम्ही पाण्याकडेच्या बाजूला मान वर करून उभे राहिलो.

"हा? हा तर डुकरासारखा दिसतोय."

"अरे, शिंग झिजलंय त्याचं."

मागून एक मार्गदर्शक छत्री उंचावत आली आणि गामाची जहाजं कुठून सुटली ते सांगू लागली. सगळ्या गटाने नदीकडे माना वळवल्या. एक आजोबा तेवढे आम्ही कुठे बघतोय ते बघून मागे रेंगाळले. नवऱ्याने बोट दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा नीट पाहिलं आणि विचारलं, "हिप्पो?"