डोक्यातलं तुमचं, पेन ड्राइव्हमधलं कुणाचं?

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढलात, गिरिजात्मजाचं दर्शन झालं, सेल्फी झाला, की लगेच खाली पळू नका. शेजारच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात डोकवा. हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचं दान आहे, असं तिथं कोरलंय. हेरणिक म्हणजे सोनार. कुणी खजिनदार असाही अर्थ लावतात. कल्याणचा माल तेव्हा नाणेघाट चढून जुन्नरला यायचा. इथल्या लेण्यांच्या लेखांत धान्य विकणाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची, काशाची भांडी घडवणाऱ्यांची 'श्रेणी' भेटते. श्रेणी म्हणजे त्या काळची धंद्याची संघटना.

आता विचार करा, त्या कासाराचं धंद्याचं गुपित कुठं असणार? हातात. तांबं किती, कथील किती, भट्टी किती तापवायची. ते पळवायचं तर त्याच्या शेजारी बरीच वर्षं बसावं लागलं असतं. आज तेच गुपित एका एक्सेल शीटमध्ये मावतं आणि 'फॉरवर्ड' दाबायला सेकंद लागतो. गंमत म्हणजे, दाबणारा दर वेळी काळा हुडी घातलेला हॅकर असतो असं नाही. अनेकदा तो साधा नोकरदार असतो. उद्या कॅम्पस इंटरव्ह्यूतून तुम्ही लागाल तसा.

खोटं वाटतं? मग टीसीएसचं प्रकरण बघा. मुंबईत मुख्यालय असलेली, तुमच्यातल्या निम्म्यांच्या यादीत पहिल्या पाचात असणारी कंपनी. अमेरिकेत एपिक सिस्टिम्स ही हॉस्पिटलची सॉफ्टवेअर बनवणारी मोठी कंपनी आहे. कैसर पर्मनंटे हा आरोग्यसेवा समूह तिचा ग्राहक, आणि टीसीएस कैसरसाठी त्याच सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचं काम करत होती. एपिकचं एक वेब पोर्टल होतं, फक्त ग्राहकांसाठी. टीसीएसच्या एका कर्मचाऱ्यानं आपण कैसरचेच आहोत असं सांगून त्यात प्रवेश मिळवला. मग ते लॉगिन सहकाऱ्यांत फिरलं. आपण नेटफ्लिक्सचा पासवर्ड फिरवतो ना, अगदी तसं! बघता बघता सहा हजारांवर कागदपत्रं डाउनलोड झाली. इकडं टीसीएसचं स्वतःचं 'मेड मंत्रा' नावाचं हॉस्पिटल सॉफ्टवेअर होतं, आणि ते एपिकच्या तुलनेत कुठं कमी पडतं याचा एक तक्ता कंपनीत तयार झाला होता.

२०१४ मध्ये एपिक कोर्टात गेली. २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या ज्यूरीनं टीसीएसला ९४ कोटी डॉलरचा दणका दिला. न्यायाधीशांनी ते ४२ कोटींवर आणले. अपील कोर्टानं २०२० मध्ये आणखी कमी करून भरपाई १४ कोटी आणि दंड जास्तीत जास्त तेवढाच, असं ठरवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टीसीएसची याचिका ऐकायला नकार दिला. या माहितीचा आपल्याला काही फायदा झाला नाही, असं कंपनी सुरुवातीपासून म्हणत होती. पण अपील कोर्टानं त्या तुलनेच्या तक्त्यापोटीची भरपाई कायम ठेवली. एका तक्त्याची किंमत १४ कोटी डॉलर!

पण कुणी 'हे माझं गुपित' म्हटलं की लगेच ते गुपित ठरतं, असंही नाही. 'झोंबिवली' पाहिलाय ना? तो थिएटरात येण्याआधी एका लेखकानं सारेगामा कंपनीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. माझी झोंबीची गोष्ट मी विश्वासानं यांना पाठवली आणि यांनी ती वापरली, असा त्याचा दावा. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. आपली नेमकी कुठली माहिती गोपनीय होती, हे दावा करणाऱ्यानं बोट ठेवून दाखवायला हवं. 'गावात झोंबी येतात' एवढी ढोबळ कल्पना कुणाच्या मालकीची नसते. आणि २६ जानेवारी २०२२ ला सिनेमा लागला. याउलट २००३ मध्ये याच न्यायालयानं झी टेलिफिल्म्सविरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्सच्या बाजूनं मनाई हुकूम कायम ठेवला होता. सनडायलनं मालिकेची संकल्पना लिहून काढली होती, लेखक संघटनेकडं नोंदवली होती आणि मगच चॅनेलला ऐकवली होती. कॉलेजच्या स्टार्टअप स्पर्धेत उत्साहानं सगळंच सांगून टाकणाऱ्यांनो, हे वाचताय ना?

हे सगळं मुंबई-अमेरिकेचं झालं. आता नारायणगावला या. समजा, सुट्टीत तुम्ही एखाद्या द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसमध्ये लागलात. जीएचं डिपिंग कधी करायचं, घड विरळणी कशी करायची हे शिकलात. ते तुमचं झालं. शिवाय फवारणीचं शेड्यूल तर शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फिरतं, त्यात गुपित कसलं? पण कुठल्या देशातला कोण माल घेतो, काय दरानं घेतो, ही शीट स्वतःच्या जीमेलवर पाठवलीत आणि दुसऱ्या निर्यातदाराकडं गेलात, तर प्रकरण वेगळं. तिथं 'मीच टाइप केली होती' हे उत्तर चालत नाही.

आपल्याकडं धंद्याच्या गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कोर्टं करार, विश्वासभंग आणि कॉपीराइट यांच्या आधारानं निवाडे देत आलीत. त्यामुळं ऑफर लेटरसोबत जो एनडीए येतो, तो खरंच वाचा. 'अटी मान्य' वर डोळे झाकून टिक करायची सवय इथं महागात पडेल. त्यात 'नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही' असं असेल तर घाबरू मात्र नका. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल मानतं, आणि नोकरी संपल्यानंतरच्या अशा बंदीला आपली कोर्टं सहसा दाद देत नाहीत. गोपनीयतेची अट मात्र नोकरी सुटल्यावरही पाठ सोडत नाही. या दोन अटी अनेकदा एकाच परिच्छेदात दाटीवाटीनं बसवलेल्या असतात, तेव्हा जरा सावकाश वाचा.

मार्च २०२४ मध्ये विधी आयोगानं आपल्या २८९ व्या अहवालात वेगळ्या कायद्याची शिफारस केली आणि सोबत मसुदाही दिला. त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: कंपनीतला गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण. एपिकला तरी टीसीएसच्या त्या तक्त्याचा पत्ता कसा लागला? टीसीएसमध्येच काम करणाऱ्या एकानं तो पाहिला आणि बाहेर सांगितलं.