भूगर्भात घडवलेले तांबे

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात लीड गावात होमस्टेक ही सोन्याची खाण होती. २००२ मध्ये सोने काढणे थांबले. आता तिथे सॅनफर्ड भूमिगत संशोधन केंद्र आहे. ४,८५० फूट खोलवर, २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘मायोराना डेमॉन्स्ट्रेटर’ या प्रयोगासाठी तांबे घडवायला घेतले.

तांबे तर बाजारातही मिळते. ९९.९९ टक्के शुद्धतेचे ऑक्सिजनमुक्त तांबे वीज आणि उष्णता उत्तम वाहते. निर्वात उपकरणांना आणि अतिशीत यंत्रांना ते पुरते. या प्रयोगाला ते पुरत नव्हते. जर्मेनियम-७६ च्या अणुकेंद्रात न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हास घडतो का, हे तिथे शोधायचे होते. घडत असलाच, तर तो इतका विरळ की भोवतालच्या धातूतील युरेनियम-थोरियमच्या लेशमात्र अंशानेही त्याची खूण झाकली जाईल.

इथे तांब्याचा खरा गुण कामी येतो. त्याचे स्वतःचे एकही किरणोत्सारी समस्थानिक दीर्घायुषी नाही. सर्वांत टिकाऊ तांबे-६७, त्याचे अर्धायुष्य जेमतेम ६२ तास. म्हणजे त्यातला रेंगाळणारा किरणोत्सार परका असतो, आणि परके वेगळे काढता येते.

त्यासाठी मोरचूद आणि गंधकाम्लाच्या द्रावणातून वीज सोडतात. धनाग्राचे तांबे विरघळते आणि स्टेनलेस स्टीलच्या नळकांड्यावर थर धरते. विद्युतदाब इतका कमी ठेवतात की तांबे बसते, युरेनियम-थोरियम द्रावणातच राहतात. घाई केली तर थर खडबडीत होऊन त्यात अशुद्धी अडकते; म्हणून सेंटीमीटरभर जाडीला वर्षाच्या आसपास लागते.

हे सारे भूगर्भात का? जमिनीवर वैश्विक किरणांतून उपजलेले न्यूट्रॉन तांब्यात कोबाल्ट-६० तयार करतात. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे, आणि घडलेल्या धातूतून ते धुऊन काढता येत नाही. म्हणून तांबे कापण्या-कातण्याची कार्यशाळाही खालीच उभारली गेली.

या तांब्यात युरेनियम किंवा थोरियमचा किरणोत्सार किलोमागे सुमारे ०.१ मायक्रोबेक्वेरेलच्या पातळीवर आला. म्हणजे वर्षाला तीन-चार विघटने. मायोराना प्रयोगाच्या २०२३ च्या निष्कर्षांत न्यूट्रिनोविरहित ऱ्हास आढळला नाही, पण त्याचे अर्धायुष्य ८३ वर चोवीस शून्ये इतक्या वर्षांहून अधिक असले पाहिजे, एवढे ठरले. इटलीतल्या ग्रान सासो इथला ‘लेजंड’ प्रयोग हाच शोध पुढे नेतो आहे, आणि त्याच्या शोधक उपकरणांभोवतीचे भागही भूगर्भात घडवलेल्या तांब्याचेच आहेत. प्रयोगशाळेत शुद्धता विकत घेऊन भागत नाही. ती सावकाश घडवावी लागते, आणि शेवटच्या भागापर्यंत जपावी लागते.