लुगडं कापण्याआधी

घरातली मोठी बाई गेली की दिवसकार्य आटोपल्यावर कधीतरी तिची ट्रंक उघडली जाते. चांगली पातळं लेकी-सुना वाटून घेतात, आणि विटलेली, विरलेली सुती लुगडी गाठोड्यात उरतात. त्याच गाठोड्याची पुढे गोधडी होते. सातारा-कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. आजीच्या लुगड्यांची गोधडी म्हणजे आजीच्या मायेची ऊब, एवढं म्हणून आपण थांबतो. माझं म्हणणं असं की शिवून तयार झालेल्या गोधडीत तिची आठवण फार थोडी असते. खरं आठवणं घडतं ते शिवताना, कारण कुठलं लुगडं कुठं घालायचं हे बोलल्याशिवाय ठरत नाही, आणि त्या बोलण्यात एका बाईचं आयुष्य तुकड्या-तुकड्यानं जुळत जातं.

हे काम जवळून पाहिलं तर पटेल. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब असतं, पण ते सगळीकडे सारखं झिजत नाही. कासोटा खोचला जातो तिथं, गुडघ्याशी, बसण्याच्या जागी आणि कमरेला खोचलेल्या पदराच्या घडीवर ते आधी विरतं. म्हणून लुगडं उजेडासमोर धरून पाहतात. विरलेला भाग आतल्या थरांत जातो, धड कापड वर आणि खाली येतं, काठ वेगळे काढून कडेला लावतात. इरकल असेल तर त्याचा लाल पदर बहुधा दर्शनी बाजूला राखून ठेवतात. मग सगळे थर जमिनीवर अंथरायचे, सुरकुती राहणार नाही असे ताणायचे, कडांवर वजनं ठेवायची आणि लांब कच्चे टाके घालून ते एकमेकांना धरून ठेवायचे. त्यानंतर खरा धावदोरा. तो कडेपासून सुरू होतो आणि चौकोनी फेऱ्या घेत आत सरकतो. दोघी-तिघी आपापल्या बाजूनं शिवत येतात. मध्य जवळ आला की गोधडीवरच बसून शिवावं लागतं. जाड थरातून सुई काढताना बोट दुखतं, म्हणून हात थांबतो आणि तोंड सुरू होतं. असं दुपारमागून दुपार चालतं.

इथं बसलेल्यांत एक लेक असते आणि एक सून असते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लेकीला आई माहीत असते ती स्वतःच्या लग्नापर्यंतची. सून घरात येते तेव्हा ती बाई सासू झालेली असते, कदाचित घराची सूत्रं तिच्या हाती आलेली असतात. पुढची तीस-चाळीस वर्षं आणि शेवटचं आजारपण सुनेनं पाहिलेलं असतं. म्हणजे एका आयुष्याचे दोन भाग दोघींकडे वेगवेगळे राहतात. एरवी त्या समोरासमोर येतात त्या सणावाराला, पाहुण्यांच्या गर्दीत. गाठोड्यातलं एक हिरवं लुगडं बाहेर निघतं आणि लेक म्हणते, हे माझ्या बारशाचं. सून म्हणते, छे, हे धाकट्या दिराच्या लग्नात घेतलेलं. वाद होतो. त्या वादातून साल निघतं, सालातून दुष्काळ निघतो, गहाण पडलेल्या पाटल्या निघतात. आईनं काय सोसलं ते लेकीला उशिरा कळतं. आणि आपली सासूही कधीकाळी या घरात नवखी होती, हे सुनेला पहिल्यांदा नीट दिसतं.

आठवणीच्या आपल्या इतर रीती याच्या शेजारी ठेवून पाहा. श्राद्धात माता, पितामही, प्रपितामही अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, पण नाव आणि गोत्र यापलीकडे काही नाही. सवाष्ण गेलेल्या बाईसाठी भाद्रपद वद्य नवमीला अविधवा नवमी असते. तिथंही तिची ओळख नवऱ्यामागून येते. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत सगळ्याच आज्या प्रेमळ आणि कष्टाळू असतात. मला या रीतींचा अनादर करायचा नाही. त्यांचं काम वेगळं आहे. पण कुठले कष्ट, कुणासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांत विचारलं जात नाही. गोधडीत ते विचारावंच लागतं, कारण ठिगळ समोर असतं.

यावर पहिला आक्षेप असा की हे गरिबीचं कौतुक झालं. घोंगडी-ब्लँकेट घ्यायला पैसे नव्हते म्हणून बायका रात्रंदिवस राबून वर गोधड्याही शिवत होत्या. त्यात सुंदर काय? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच ठिगळ लपवू नये असं वाटतं. एकाच लुगड्याला दांड घालून ते आणखी दोन वर्षं नेसणारी बाई काटकसरी होती, एवढं सांगून भागत नाही. त्याच वर्षी घरातल्या पुरुषांना नवं धोतर आलं होतं का, हेही त्या बैठकीत निघालं पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: कापड टिकत नाही, मग लिहून किंवा मोबाइलवर बोलणं ध्वनिमुद्रित करून का ठेवू नये? खरंच आहे. घटस्थापनेआधी गोधड्या नदीवर नेऊन धुतात, भिजलेली गोधडी पिळायला दोघं लागतात, आणि अशा काही वर्षांत टाके सुटू लागतात. लिहून जरूर ठेवावं. पण समोर बसवून ‘आई कशी होती?’ असं विचारलं तर ‘फार चांगली होती’ एवढंच उत्तर मिळतं. बायकांचं बोलणं कामाच्या ओघात उमलतं, याला मोठा पुरावा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमा झाल्या. त्या दळताना सुचलेल्या आणि गायलेल्या होत्या. बहिणाबाई चौधरींची गाणी घरकाम आणि शेतकाम करता करता आली. जवळ कुणीतरी ती उतरवून घेणारं होतं, म्हणून त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, त्यांचं पुस्तक होऊ शकलं. तेव्हा हात कामात असताना वही शेजारी असावी.

आता शहरात जुन्या साड्या दिल्या की मशीनवर गोधडी शिवून मिळते. शिवणाऱ्याचा त्यात दोष नाही, आणि नोकरी करणाऱ्या लेकी-सुना दुपारी मोकळ्या नसतात, हेही खरं. पण गाठोडं तसंच उचलून दुकानात देऊ नये. निवड आणि कापणी घरी करावी. त्याला एक रविवार पुरतो. लेक परदेशी असेल तर तिला व्हिडिओ कॉलवर घ्यावं आणि एकेक लुगडं उलगडून दाखवावं. जे निघेल ते साल घालून लिहावं. मतभेद असेल तिथं दोघींचं म्हणणं लिहावं. शेवटी तिचं माहेरचं नाव, गाव आणि सासरी आल्यावर मिळालेलं नाव सुती कापडाच्या पट्टीवर दोऱ्यानं भरून ती पट्टी दुकानदाराकडे द्यावी आणि आतल्या थरात न टाकता अस्तराच्या कोपऱ्याला, बाहेरून वाचता येईल अशी लावायला सांगावी.