दाढेतली वीज

गेल्या ईदेला नातीने दिलेले चॉकलेट मी घाईघाईने तोंडात टाकले. वरचा चंदेरी कागद पुरता निघाला नव्हता. तो भरलेल्या दाढेखाली आला आणि कानशिलापर्यंत झिणझिणी गेली. मी कळवळलो, नात हसली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "तुमच्या तोंडात विजेचा सेल तयार झाला!" दाढेत भरलेले पारामिश्रित चांदीचे मिश्रण, कागदाचे अ‍ॅल्युमिनियम आणि मध्ये खारट लाळ. दोन वेगळे धातू, त्यांच्यामध्ये क्षाराचे पाणी; सेलला आणखी काय लागते?

मी कला शाखेचा पदवीधर. विज्ञान दहावीलाच सुटले. पण या झिणझिणीने पुस्तके उघडायला लावली.

इटलीतल्या बोलोन्याचे शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन जोडलेले धातू लावले, तेव्हा पाय उडाला. ही वीज प्राण्याच्या शरीरातलीच, असे त्यांनी १७९१ मध्ये लिहिले. पाव्हियाचे अलेसांद्रो व्होल्टा म्हणाले, नाही, ती धातूंची. बेडूक फक्त दाखवतो. मग त्यांनी बेडूकच वगळला. जस्त आणि चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली. १८०० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलेली हीच पहिली बॅटरी. धातूंच्या नुसत्या स्पर्शाने वीज येते, असे व्होल्टांना वाटे. खरे तर जस्त झिजते आणि त्या रासायनिक क्रियेतून ती येते. गॅल्व्हानी मात्र हे पाहायला नव्हते. १७९८ मध्येच ते वारले होते.

त्यांचे भाचे जिओव्हानी आल्दिनी यांनी व्होल्टांचीच चळत हाती घेतली. १८०३ मध्ये लंडनला फाशी दिलेल्या एका कैद्याच्या देहातून त्यांनी वीज सोडली. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. लोक हबकले. हा तमाशा सगळ्यांच्या लक्षात राहिला; पण त्याआधी बोलोन्यात त्यांनी खोल उदासीने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला हलकी वीज दिली होती. तो बरा झाल्याचे त्यांनी नोंदवले. आधी स्वतःच्या डोक्यावरही प्रयोग केला आणि पुढे काही दिवस त्यांची झोप उडाली.

मग पक्षाघात, बहिरेपणा, जे दिसेल त्याला वीज देऊन पाहण्याची लाट आली. किती द्यायची, कुठे द्यायची, याचे माप कोणापाशी नव्हते. पुढे बाजारात विजेचे पट्टेही विकले गेले. औषध लहान, आशा मोठी. आणि आजारी माणूस आशेचे पैसे मोजतोच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या अम्मीचे हृदय अडखळू लागले, तेव्हा मीही मोजायला तयार होतो. मात्र आता माप होते. तिच्या खांद्याखाली लिथियमच्या बॅटरीवर चालणारा पेसमेकर बसवला. शरीराची स्वतःची वीज असते, हे गॅल्व्हानींचे म्हणणे. रासायनिक क्रियेतून वीज मिळते, ही व्होल्टांच्या चळतीची देणगी. अम्मीच्या छातीत दोघांचेही खरे ठरले.

तिने डॉक्टरांना विचारले, "सेल संपला तर?"

"काही वर्षांनी संपेल. त्याआधीच बदलू. तपासणीला तेवढे येत जा."

"आणि आता ठोके कोणाचे, माझे की डबीचे?"

"तुमचेच, अम्मी. तुमचा ठोका चुकला, तरच डबी टोकते."

अम्मी समाधानाने हसली. त्या रात्री मीही निवांत झोपलो.