वावडिंगाची कसोटी

राष्ट्रीय कृमिमुक्तिदिनी आम्ही ग्वाल्हेरच्या सरकारी शाळेत मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चघळावयास देतो, तेव्हा लष्करातील मराठी आज्या हटकून विचारतात, “आमच्या वावडिंगाने काय वाईट केले?”

प्रश्न रास्त आहे. चरकाने कृमिघ्न द्रव्यांत विडंगास अग्रस्थान दिले. पारख मात्र नीट व्हावयास हवी. आपल्याकडील पुष्कळशा प्रयोगांत गांडुळे अर्कात ठेवून ती किती वेळात निश्चेष्ट पडतात, एवढेच पाहिले जाते. अहो, गांडूळ मातीतले, जंत आतड्यातला! पोटात गेलेल्या अर्कापैकी जंतापर्यंत काय पोहोचते, हे त्यावरून कसे कळावे? खरी कसोटी विष्ठेतील अंड्यांची. ती औषधापूर्वी मोजावयाची, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावयाची आणि गोळी घेतलेल्या मुलांच्या आकड्यांशी ताडावयाची.

किरमाणी ओव्यातील सँटोनिन एके काळी जगभर चालले. विषबाधेपायी मागे पडले. शिवाय बाजारच्या पुडीत अस्सल विडंगाऐवजी त्याच्या भाईबंदांची फळे निघतात, ती तऱ्हा निराळीच. तेव्हा घरात वावडिंग असले तरी गोळीच्या दिवशी मुलास शाळेत अवश्य पाठवावे. त्या दिवशी राहून गेलेल्यांस थोड्या दिवसांनी फिरून गोळी देतात.